नोंद गेली कुठे?

त्या फाइलची शेवटची ओळ एकोणीस दिवस जुनी होती. वेळ होती रात्रीचे २ वाजून ९ मिनिटं. त्यानंतर एक शब्दही नाही. फाइल जागेवर होती, नाव बरोबर होतं, सर्व्हर चालू होता, त्यावर हजारो लोक येत-जात होते, आणि त्या फाइलला मात्र एकोणीस दिवस वाचा गेली होती.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी पुण्यात पहिल्याच नोकरीत होते, सपोर्ट टीममध्ये. आमच्याकडे परीक्षेचे फॉर्म भरण्याची एक वेबसाइट होती. फॉर्म भरण्याचा शेवटचा दिवस उद्यावर आलेला, आणि गेले तीन दिवस काही मुलांचे पैसे बँकेतून कापले जात होते, पण फॉर्मवर ‘शुल्क बाकी’ असंच दिसत होतं. दुसऱ्यांदा भरले तर दुसऱ्यांदा कापले जात. एका मुलीचे वडील फोनवर रडायला आले होते. मी त्यांना म्हणाले, “काका, लॉग बघून सांगते.” आणि लॉग उघडला तर हे असं.

सकाळच्या मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ‘काय बिघडलं’ हा नव्हता. ‘त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं’ हा होता.

ड्यूटीवर एक ऑपरेटर काका होते. कंत्राटी, पंचेचाळिशीचे, रात्रपाळीच करणारे. त्यांच्या पाळीचं एक कागदी रजिस्टर असायचं. ते मागवलं. त्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं: डिस्क ९६ टक्के, जुन्या झिप फाइली काढल्या, रात्री २.१० ला सर्व्हर हाताने बंद करून चालू केला. म्हणजे लॉगची शेवटची ओळ २.०९ ची आणि काकांचा रीस्टार्ट २.१० चा. खोलीतल्या सगळ्यांना गुन्हेगार सापडला होता. दुपारपर्यंत एजन्सीला फोन गेला, आणि त्या रात्रीपासून काका यायचे बंद झाले.

पुढं काय झालं ते सांगते. पण मधे थोडं मागं जावं लागेल, कारण त्या दिवसांत मला पहिल्यांदा प्रश्न पडला की या फाइलला ‘लॉग’ का म्हणतात, आणि ती लिहायला कुणी सुरुवात केली.

ओंडका

लॉग म्हणजे ओंडका. शब्दशः लाकडाचा तुकडा.

समुद्रात जहाजाचा वेग मोजायचा कसा? आजूबाजूला झाड नाही, मैलाचा दगड नाही. मग खलाशी एक लाकडी फळी दोरीला बांधून मागच्या बाजूनं पाण्यात सोडत. फळी पाण्यात जवळपास जागच्या जागी राही, जहाज पुढं जाई, आणि दोरी सुटत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. वाळूचं छोटं घड्याळ उलटं करायचं, वाळू संपेपर्यंत हातातून किती गाठी सुटल्या ते मोजायचं. विल्यम बोर्न या इंग्रजानं १५७४ मध्ये नौकानयनावरच्या पुस्तकात ही पद्धत वर्णन करून ठेवली आहे. पुढं हिशेब पक्का झाला: घड्याळ २८ सेकंदांचं असेल तर दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच. मग जितक्या गाठी, तितके सागरी मैल ताशी. जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींमध्येच सांगतात.

हा आकडा आधी एका काळ्या पाटीवर खडूनं लिहीत. तास, गाठी, दिशा, वारा, शेरा असे रकाने. पाटीचं नाव लॉग-बोर्ड. दिवस संपला की पाटीवरचं सगळं वहीत उतरवायचं, ती लॉग-बुक, आणि पाटी पुसून पुन्हा कोरी करायची. सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे वाचून हसू येईल. आपण याला लॉग रोटेशन म्हणतो. चालू फाइल भरली की ती बाजूला ठेवायची आणि नवी कोरी फाइल सुरू करायची. ही युक्ती संगणकापेक्षा कितीतरी जुनी आहे.

ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला ये-जा करत, तेव्हा प्रत्येक कप्तानाला अशी वही ठेवावी लागे आणि प्रवास संपल्यावर ती कंपनीकडे जमा करावी लागे. त्यातल्या हजारो वह्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. अलीकडे हवामानशास्त्रज्ञांनी त्या पुन्हा उघडल्या. अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदी महासागरावर तापमान किती होतं, वारा कुठून होता, हे सांगणारं दुसरं फारसं काही उरलेलं नाही. ज्या खलाशानं दुपारी बारा वाजता कंटाळत आकडा लिहिला, त्याला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं. लॉगचं पहिलं वैशिष्ट्य इथंच दिसतं: लिहिताना तो कशासाठी लागेल हे माहीत नसतं.

कीर्द आणि बखर

आपल्याकडे यासाठी शब्द होता, आणि अजून आहे. कीर्द. कीर्द-खतावणी हा जोडशब्द तुम्ही एखाद्या दुकानात किंवा कॉमर्सला गेलेल्या ताईकडून ऐकला असेल. जे घडलं ते घडल्या क्रमानं लिहायचं, ती कीर्द. मग त्यातून ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचं, ती खतावणी. आजचे डेटाबेस आतून साधारण असेच चालतात. आधी बदलाची नोंद लॉगमध्ये, मग ती तक्त्यात. मधे वीज गेली तर लॉग वाचून तक्ता पुन्हा उभा करता येतो. उलट होत नाही.

पेशव्यांच्या कारभारात रोजच्या रोज नोंदी होत, त्या रोजकीर्दी. मोडीत लिहिलेले हे कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालात बांधून ठेवलेले आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यातून निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापून निघाले, आणि पेशवाईतला रोजचा कारभार कसा चाले हे लोकांना कळलं: कुणाला किती पगार, कोणत्या गावाला सारामाफी, कोणत्या कामाला किती खर्च.

दुसरीकडे बखरी होत्या. बखर वाचायला रंगतदार, पण बऱ्याचदा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तो पानिपतच्या आधीच्या दशकातल्या आणि पानिपतपर्यंतच्या पत्रांचा होता. प्रस्तावनेत त्यांनी बखरी त्या पत्रांशी ताडून पाहिल्या, आणि तारखा, माणसं, क्रम यांत त्या किती घसरतात ते दाखवलं. त्या वेळचा कागद आणि नंतरची आठवण यांत भांडण झालं तर कागदाची बाजू घ्यायची, हा धडा मराठी इतिहासलेखनाला तिथं मिळाला.

आमच्या त्या मीटिंगमध्ये लॉग नव्हता, म्हणून सगळे बखर सांगत होते. “त्याला आधीही एकदा सांगितलं होतं.” “रात्रपाळीवाले झोपतात.” “काहीतरी डिलीट केलं असणार.” एकही वाक्य खोटं म्हणून बोललं जात नव्हतं. सगळे आठवून बोलत होते.

पतंग

संगणकाच्या जगातली सगळ्यात प्रसिद्ध नोंद हातानं लिहिलेली आहे. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्ड विद्यापीठाचा मार्क २ नावाचा अजस्र संगणक. तो रिले नावाच्या विजेच्या हलत्या खटक्यांवर चालायचा. दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी, ‘एफ’ पॅनलमधल्या ७० नंबरच्या रिलेत एक पतंग अडकलेला सापडला. काम करणाऱ्यांनी तो काढला, वहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि खाली गमतीनं लिहिलं की ‘बग’ प्रत्यक्षात सापडल्याची ही पहिलीच वेळ. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट.

ही गोष्ट ग्रेस हॉपर यांच्या नावावर सांगितली जाते. त्यांनी ती आयुष्यभर रंगवून सांगितली हे खरं. पण पतंग त्यांनी स्वतः पकडला नव्हता. आणि ‘बग’ हा शब्दही तेव्हा जन्मला नाही. यंत्रातल्या बिघाडाला एडिसन १८७८ मध्येच ‘बग’ म्हणत होता. म्हणून तर ‘प्रत्यक्षात सापडला’ हा विनोद होता. ऐकीव गोष्टीत हा विनोद हरवला आणि शब्दाचा जन्म चिकटला. वहीतलं पान पाहिलं की कळतं. इथंही कागद विरुद्ध आठवण.

मला त्या पानातलं दुसरंच आवडतं. वेळ, पॅनल, रिले नंबर. कधी, कुठं, काय. चांगल्या लॉगच्या ओळीत आजही हेच तीन लागतात.

टॅब आणि स्पेस

वही हातानं लिहायची म्हटल्यावर ‘लिहिलं कुठं’ हा प्रश्न येत नाही. वही समोर असते. प्रोग्रॅम स्वतःच लिहू लागले तेव्हा हा प्रश्न आला.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एरिक ऑलमन नावाचा तरुण इंग्रेस या डेटाबेस प्रकल्पात होता. त्या प्रकल्पाच्या संगणकाला आर्पानेटची जोडणी होती. मग काय, विभागातल्या प्रत्येकाला त्या संगणकावर खातं हवं. त्याला वैतागून ऑलमननं टपाल एका जाळ्यातून दुसऱ्यात पोचवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्यातून पुढं सेंडमेल आलं, ज्यानं जगाचं ईमेल कितीतरी वर्षं वाहिलं. सेंडमेल दिवसभर काय करतं हे लिहून ठेवायला त्यानं एक वेगळी सोय केली. तिचं नाव सिस्लॉग.

कल्पना साधी आणि सुंदर. प्रोग्रॅमनं फाइल उघडायची नाही. त्यानं फक्त सांगायचं: मी अमुक विभागातला, माझं म्हणणं अमुक इतकं गंभीर, आणि म्हणणं हे. कुठं लिहायचं ते एक वेगळा कारकून ठरवेल, आणि त्या कारकुनाचे नियम एका कॉन्फिगरेशन फाइलीत असतील. गांभीर्याच्या आठ पायऱ्या ठरल्या, शून्यापासून सातपर्यंत. शून्य म्हणजे आणीबाणी, सात म्हणजे डीबग. विभागांच्या यादीत टपाल, प्रिंटर, आणि आता कुणी वापरत नाही ती यूयूसीपी नावाची टपालवाटही होती. तुमच्या आजच्या लिनक्सवर ती नावं अजून आहेत, जुन्या वाड्यातल्या बंद खोल्यांसारखी.

पण लिहिणारा आणि ठरवणारा वेगळा झाला, त्याच दिवशी एक नवा आजारही जन्माला आला. प्रोग्रॅम बोलतोय आणि कुणीच लिहीत नाही.

जुन्या युनिक्सवरच्या सिस्लॉगची कॉन्फिगरेशन फाइल डोळ्यांना अगदी सोपी: डावीकडे विभाग आणि गांभीर्य, उजवीकडे फाइलीचं नाव. मधे मोकळी जागा. फक्त ती जागा टॅबनं सोडलेली हवी, स्पेसनं नाही. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. स्पेस दिली की ओळ निकामी, आणि नोंद कुठंच नाही. शिवाय अनेक जुन्या सिस्टिमवर ती लॉग फाइल आधी आपण स्वतः तयार करून ठेवावी लागे. नसेल तर सिस्लॉग ती बनवत नसे, गप्प बसे. एका अख्ख्या पिढीच्या सिस्टिम अॅडमिनच्या रात्री या दोन गोष्टींत गेल्या.

वीस वर्षं हे सगळं कागदावर ठरलेलंच नव्हतं. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं लिहायची. ऑगस्ट २००१ मध्ये इंटरनेटच्या मानकांची कागदपत्रं काढणाऱ्या मंडळींनी आरएफसी ३१६४ काढला, तोही ‘असं असायला हवं’ म्हणून नाही, ‘साधारण असं चालू आहे’ म्हणून. त्यात दिलेल्या नोंदीच्या रूपात महिना आहे, तारीख आहे, वेळ आहे. वर्ष नाही. टाइम झोनही नाही. २००९ च्या आरएफसी ५४२४ मध्ये ही चूक सुधारली. तोवर जगभरच्या सर्व्हरांनी वर्ष न लिहिता दैनंदिनी लिहिली.

जावाचा काळ

१९९६. युरोपात सेंपर नावाचा एक प्रकल्प चालू होता, ऑनलाइन बाजारात सुरक्षित व्यवहार कसे करायचे यावर. त्यातल्या मंडळींनी जावासाठी स्वतःपुरती नोंदी लिहिण्याची सोय बनवली. तिच्यावर पुढं जेकी ग्युल्चू यानं वर्षानुवर्षं काम केलं आणि तिचं नाव झालं लॉग४जे, उच्चार ‘लॉग फॉर जे’. ती अपाची फाउंडेशनकडे गेली, २००१ मध्ये १.० आवृत्ती आली, आणि सर्व्हरवर चालणाऱ्या जावा प्रोग्रॅममध्ये ती मिठासारखी पसरली.

तिच्यात सिस्लॉगचाच विचार होता, पण बारीक. प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाला नाव, नावात टिंबं, आणि वरच्या नावाला दिलेला नियम खालच्याला आपोआप लागू. सबंध बँकिंगचा भाग ‘फक्त चुका लिही’ वर ठेवायचा आणि त्यातला एकच कोपरा ‘सगळं लिही’ वर. हे सगळं एका साध्या फाइलीत, कोड न बदलता. आणि ही फाइल शोधायची जबाबदारी लॉग४जे स्वतः घेते. प्रोग्रॅमच्या सगळ्या डब्यांमध्ये, म्हणजे जार फाइलींमध्ये, ती ‘लॉग४जे.प्रॉपर्टीज’ हे नाव शोधत जाते आणि पहिली सापडेल ती उचलते.

‘पहिली सापडेल ती.’ हे तीन शब्द लक्षात ठेवा.

मग सुनेत-सुनेत भांडण सुरू झालं. २००२ मध्ये जावानं स्वतःची वेगळी लॉगिंग सोय आणली. कोणती वापरायची या गोंधळावर तोडगा म्हणून अपाचीनं कॉमन्स लॉगिंग नावाचा मध्यस्थ आणला. तो कधी कुणाला पकडेल याचा भरवसा नसे. म्हणून ग्युल्चूनंच एसएलएफ४जे हा दुसरा मध्यस्थ काढला, आणि २००६ पासून लॉगबॅक नावाचा लॉग४जेचा वारस. अपाचीकडून २०१४ मध्ये लॉग४जे २ आला. म्हणजे दहा-बारा वर्षांत एका प्रोग्रॅममध्ये कितीतरी प्रकारचे कारकून बसण्याची सोय झाली, आणि तुम्ही बाहेरून आणलेली प्रत्येक लायब्ररी आपला कारकून सोबत घेऊन यायची. लग्नघरी प्रत्येक पाहुण्यानं आपला आचारी आणावा तसं. मग ‘अपेंडर सापडला नाही’, ‘एकापेक्षा जास्त बाइंडिंग आहेत’ असले इशारे सुरू होताना दिसायचे, आणि आपण ते वर सरकवून पुढं जायचो. जेवण तर मिळतंय ना.

दहापैकी दहा

त्या दुर्लक्षाचा हिशेब डिसेंबर २०२१ मध्ये झाला.

लॉग४जे २ मध्ये २०१३ साली एक सोय घातलेली होती. नोंदीच्या मजकुरात विशिष्ट खूण आली की लॉग४जे ती जशीच्या तशी लिहिण्याऐवजी तिचा अर्थ शोधायला जायची, गरज पडली तर दुसऱ्या सर्व्हरवरही. म्हणजे कुणी लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी ती खूण टाकली, आणि सर्व्हरनं इमानदारीनं ‘या नावानं लॉगिनचा प्रयत्न झाला’ असं लिहायला घेतलं, की लिहिता लिहिता तो हल्लेखोराच्या सर्व्हरवरून कोड आणून स्वतःवर चालवायचा. कारकुनाला कुणी चिठ्ठी द्यावी, ‘ही वहीत उतरव’ म्हणून, आणि कारकुनानं ती वाचून तिजोरीच उघडावी.

२४ नोव्हेंबरला अलीबाबा क्लाउडच्या एका संशोधकानं अपाचीला हे गुपचूप कळवलं. ९ डिसेंबरला ते जगजाहीर झालं. माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलांनी नुसता चॅटमध्ये मजकूर टाकून सर्व्हर ताब्यात घेतले. गांभीर्याचा आकडा मिळाला दहापैकी दहा. त्या महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.०, २.१७.१ अशा एकामागून एक दुरुस्त्या निघाल्या. त्या करणारे लोक मोजके स्वयंसेवक होते, नोकरी सांभाळून हे काम करणारे. जुलै २०२२ मध्ये अमेरिकन सरकारच्या सायबर सेफ्टी रिव्ह्यू बोर्डानं आपल्या पहिल्याच अहवालात म्हटलं की ही भेग पुढची दहा वर्षं किंवा जास्तही कुठं ना कुठं राहणार.

त्या शनिवार-रविवारी मी दुसऱ्या कंपनीत होते. आम्ही बावीस तास जागे होतो, आणि त्यातला बराचसा वेळ दुरुस्तीत गेला नाही. आपल्या प्रोग्रॅमच्या कोणत्या डब्यात कोणती लॉग४जे आहे, हे शोधण्यात गेला. कुणालाच माहीत नव्हतं. मला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटला. कित्येक वर्षांपूर्वी त्याच प्रश्नावर एका माणसाची नोकरी गेली होती.

घरचं फोल्डर

तर पुन्हा त्या फॉर्मच्या वेबसाइटकडे.

गप्प बसलेल्या लॉगपुढं माणूस ज्या क्रमानं घाबरतो त्याच क्रमानं मी गेले. डिस्क भरलीय का? नाही, काकांनी जागा केली होती. फाइलीवर लिहायची परवानगी आहे का? होती. कुणी चालू फाइल उडवली का? हा आरोपाचा मुद्दा होता. युनिक्समध्ये चालू प्रोग्रॅमच्या हातातली फाइल काढून टाकली तरी तो तिच्यातच लिहीत राहतो. नाव जातं, फाइल अदृश्य होते, जागा अडलेली राहते. पण आमची फाइल तर डोळ्यांसमोर होती. काकांनी काढलेल्या झिप फाइलींची नावंही रजिस्टरमध्ये एकाखाली एक होती, आणि सगळ्या मागच्या वर्षीच्या.

टीममध्ये एक सीनियर होते, फारसं न बोलणारे. ते म्हणाले, “लॉग४जेलाच विचार ना, तू कुठली फाइल वाचलीस म्हणून.” मला हे माहीतच नव्हतं. सर्व्हर सुरू करताना एक छोटा पर्याय दिला की लॉग४जे आपली स्वतःची गोष्ट सांगते: मी कॉन्फिगरेशन कुठून उचललं, कोणती फाइल उघडली. टेस्ट सर्व्हरवर तीच आवृत्ती टाकून ते चालवलं. पाचव्या-सहाव्या ओळीत उत्तर होतं. ती आमची फाइल वाचतच नव्हती.

एकोणीस दिवसांपूर्वी संध्याकाळी नवी आवृत्ती सर्व्हरवर ठेवली गेली होती, रात्रीच्या रीस्टार्टला लागू व्हावी म्हणून. त्यात बाहेरची एक नवी जार होती, आणि ती बनवणाऱ्यानं स्वतःच्या चाचणीसाठीची ‘लॉग४जे.प्रॉपर्टीज’ आत विसरून ठेवलेली. आमची फाइलही दुसऱ्या एका जारमध्येच होती. पहिली सापडेल ती. त्यांची पहिली सापडली. तिच्यात लिहिलं होतं: फक्त चुका नोंदव, आणि ‘लॉग्स’ फोल्डरमधल्या फाइलीत नोंदव. कुठल्या ‘लॉग्स’ फोल्डरमध्ये? पूर्ण पत्ता नव्हता. अशा वेळी प्रोग्रॅम ज्या जागेवरून सुरू केला, तिथून मोजायला लागतो.

कुठून सुरू केला होता? ते फक्त रजिस्टरमध्ये होतं. ‘हाताने चालू केला.’ म्हणजे काका लॉगिन करून आपल्या फोल्डरमध्ये उतरले आणि तिथूनच त्यांनी आज्ञा दिली. आम्ही त्यांच्या लॉगिनचं फोल्डर उघडलं. आत ‘लॉग्स’. आत एक फाइल. वाढत होती, आमच्या डोळ्यांदेखत.

एकोणीस दिवसांच्या सगळ्या चुका तिच्यात होत्या. तीन दिवसांपूर्वीपर्यंत तुरळक. मग अचानक एकच चूक शेकडो वेळा: पैसे मिळाल्याची खात्री करायला आमचा सर्व्हर पेमेंटवाल्यांच्या सर्व्हरला विचारायचा, त्यांनी सुरक्षेचं प्रमाणपत्र बदललं होतं, आमच्या जुन्या जावाला ते ओळखू येईना, बोलणं तुटायचं. पैसे तिकडे पोचलेले, इकडे पावती नाही. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली. फॉर्मची मुदत दोन दिवसांनी वाढली, मुलांचे दुसऱ्यांदा कापलेले पैसे पुढच्या आठवड्यात परत गेले.

काकांनी केलेलं एवढंच होतं: त्यांना सांगितल्या वेळी, सांगितल्याप्रमाणे सर्व्हर बंद करून चालू केला होता, आणि तसं लिहून ठेवलं होतं.

संध्याकाळी ‘कारण सापडलं’ असा मेल सगळ्यांना गेला. व्याकरणाच्या दृष्टीनं तो निर्दोष होता. त्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. कॉन्फिगरेशनमध्ये विसंगती आढळली होती. काकांचा उल्लेख नव्हता. मी वर्षभरही न झालेली मुलगी. उत्तर लिहायला हात थरथरत होते. तरी त्या मेलला उत्तर देऊन रजिस्टरच्या पानाचा फोटो जोडला आणि खाली लिहिलं की फाइल सापडली ती या नोंदीमुळं. सीनियरनी त्याखाली ‘सहमत’ एवढं लिहिलं. आठवड्यानं एजन्सीला फोन गेला.

मी काकांनाही फोन केला होता. ते एका सोसायटीत लागले होते, गेटवर. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “रजिस्टर आहे ना ताई जाग्यावर?” मी म्हणाले, आहे. “मग झालं. ते पान फाडू देऊ नका कुणाला.” परत मात्र ते आले नाहीत. इथं रात्री झोप तरी होते, म्हणाले.

आता माझ्याकडे नवी मुलं येतात तेव्हा लॉगिंगच्या कॉन्फिगरेशनमध्ये मी तीन गोष्टी आधी बघायला लावते. फाइलीचा पत्ता अगदी पहिल्या स्लॅशपासून पूर्ण लिहिलाय का. आपल्याशिवाय त्याच नावाची दुसरी फाइल कुठल्या डब्यात दडलेली नाही ना. आणि सर्व्हर सुरू झाल्या झाल्या पहिली ओळ आपल्याच फाइलीत पडली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी. तिसरी गोष्ट बहुतेक जण टाळतात, कारण सगळं बरोबरच असणार असं वाटतं. तेव्हा मी त्यांना हे सगळं सांगत बसत नाही. रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे, तो दाखवते.